‘लंगडे मामा’ ते ‘दिव्यांग’

भाषेत समाजमनाचे प्रतिबिंब पडते, असे आपण वर्गात ऐकतो. अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी आपण वापरतो ते शब्द पाहिले म्हणजे याची प्रचीती येते.

आपल्या म्हणीच पाहा. ‘आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’. दोन्हींत व्यंग हे उपहासाचे साधन झाले आहे. पुढे ‘अपंग’, ‘विकलांग’ हे सौम्य शब्द आले. पण ‘विकलांग’ म्हणजे ज्याचे अंग विकल तो. उणीव तेथेही आधी दिसते. वरोऱ्याच्या आनंदवनामागील संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा समिती’ आहे. ‘महारोगी’ हा त्या काळचा रूढ शब्द होता. आज आपण ‘कुष्ठरुग्ण’ म्हणतो.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. महाराष्ट्रात २०२२ साली ‘दिव्यांग कल्याण’ हा स्वतंत्र विभागही झाला. तथापि हा शब्द सर्वांना रुचला नाही. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही त्यावर आक्षेप नोंदविला. आपल्या विदर्भातील संत गुलाबराव महाराजांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. त्यांच्या व्यासंगामुळे ते शोभते. परंतु प्रत्येकाच्या अंगी दिव्यत्व असलेच पाहिजे, ही अपेक्षाही एक ओझेच नव्हे काय?

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. लाखांदूर तालुक्यातील माझ्या मामांचा एक पाय पोलिओने गेला. आम्ही मुले त्यांना ‘लंगडे मामा’ म्हणत असू. या लेखासाठी मी त्यांना विचारले, “मामा, तुम्हाला कोणता शब्द आवडतो?”

ते म्हणाले, “कागदावर दिव्यांग लिहितात, लिहू दे. त्यावर एसटीची सवलत मिळते. पण तुला आणखी दोन मामा आहेत. त्यांना तू नुसतं मामा म्हणत होतीस. मलाच का लंगडे मामा?”

मला उत्तर देता आले नाही.

शासनाला प्रमाणपत्रासाठी एक शब्द लागणारच. परंतु घरात, वर्गात, बसस्थानकावर तो लागतोच असे नाही. लागलाच, तर ज्याच्यासाठी वापरायचा त्यालाच विचारावा. नवा शब्द घेतला आणि दृष्टी जुनीच राहिली, तर तोही उद्या शिवी होईल.

मी आता त्यांना नुसते ‘मामा’ म्हणते.