एक्क्यांची जोडी आणि आधी बोलायची पाळी

चिखली, गुरुवार

चि. बाळ,

काल रात्री पोकरला चिप म्हणून वापरलेले वॉशर मोजून ट्रेमध्ये परत टाकताना तुझाच डाव डोक्यात घोळत होता. हातात इस्पिक आणि चौकट, दोन एक्के. सरासरी 221 डावांत एकदा येणारी जोडी, आणि तू एक वॉशर सरकवून गप्प! कुणीतरी वाढवेल, मग धरू, असंच तुझ्या मनात होतं ना? पण तुझी जागा स्मॉल ब्लाइंडची. टेबलावर पानं उघडली की दर फेरीत आधी तू बोलणार आणि मागचे चौघे तुझं बघून ठरवणार. तिथून सापळा लावला तर त्यात पाय टाकायला मागचा बांधलेला नाही.

झालंही तसंच. बदामची अठ्ठी, बदामची नव्वी, किलवरची तिर्री आली. तू काही न लावता चेक, सगळे चेक. मग बदामची दुर्री फुकटात पडली आणि बदामच्या चव्वी-पंजीवाल्याचा पाच बदामांचा फ्लश झाला. सुरुवातीलाच तू चौदा वॉशर लावले असतेस, तर असली पानं धरून कोण बसलं असतं? एका गड्यासमोर एक्क्यांची जोडी शंभरात 85 वेळा जिंकते, चौघांसमोर जेमतेम 56 वेळा. म्हणून आधी गर्दी पांगवायची. तेही राहिलं, तरी मधल्या दहा वॉशरांवर सहा लावायचे होतेस. चव्वी-पंजीवाल्याला न दिसलेल्या 47 पानांत त्याच्या कामाचे बदाम नऊ, म्हणजे पुढचं पान पाचांत एकदा त्याचं. तेवढ्या आशेवर सहा मोजले असते तर सौदा त्याच्या तोट्याचा.

हट्ट मात्र नको. दुर्री पडल्यावर तू जागा झालास, लावलेस, आणि इतका वेळ गप्प बसलेल्याने दुप्पट केलं. तिथे एक्के टाकायचे होते. सुटत नाहीत हातातून, मला ठाऊक आहे.

उद्या तू चाकणच्या कंपनीला कोटेशन देणार. तिथेही आधी आपण बोलणार, ते चौघांचे दर बघून उत्तर देणार. पार्ट चोख आहे, ट्रायल पास झालीय. माझ्या पहिल्या ऑर्डरला मी 'दर तुम्हीच बघा' म्हणालो आणि तीन वर्षं त्याच दरात डाय झिजवली. तू पुरा दर लिही, टूलिंग वेगळं दाखव आणि पेमेंटचे 45 दिवस पहिल्याच कागदावर घाल. लहान उद्योगांसाठी 2006 च्या कायद्यानेच ती कमाल मुदत ठरवलीय.

मोबाइलवर पैसे लावून खेळू नकोस. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला. मला ते आधीही पटत नव्हतं. आपले वॉशर बरे.

बुधवारी लवकर ये. तीच पानं काढून ठेवतो. तू स्मॉल ब्लाइंडवर बस, चव्वी-पंजी मी धरतो.

तुझा
मामा