लायगोत इंजिनिअरला जागा आहे?

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हिंगोलीच्या लायगो प्रकल्पात जायचं म्हणते. तिथे फिजिक्सवालेच घेतात ना? – एक आई, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : नाही ताई, हा गैरसमज आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत. त्यांच्या पोलादी नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढायची, काचेच्या तंतूंवर टांगलेल्या आरशांना जमिनीचा कंप लागू द्यायचा नाही. हे इंजिनिअरचंच काम. तिने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निर्वात तंत्र किंवा कंपन-नियंत्रणावर करावा. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या प्रकल्पातल्या सहभागी संस्थांच्या भरतीच्या जाहिराती पाहत राहा. मात्र केंद्राची अंतिम मंजुरी २०२३ची, उभारणीला वर्षं लागतील. म्हणून गेट परीक्षेची तयारी सोडू नये. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.