विहिरीचे पाणी आणि अर्थशास्त्राची व्याख्या

अर्थशास्त्र म्हणजे पैशाचे शास्त्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अ‍ॅडम स्मिथ यांच्या १७७६ मधील ग्रंथाच्या नावातच राष्ट्रांच्या संपत्तीचा उल्लेख असल्याने तिला आधारही मिळाला. पुढे मार्शल यांनी मानवी कल्याणावर भर दिला. सर्वाधिक रूढ झाली ती मात्र लायोनेल रॉबिन्स यांची १९३२ मधील व्याख्या. गरजा अनेक, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोगही अनेक. अशा स्थितीत मनुष्य निवड कशी करतो, याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र.

जालना जिल्ह्यातील मोसंबी उत्पादकास हा विचार परका वाटू नये. आटत चाललेल्या विहिरीचे पाणी बागेला द्यावे, कपाशीला द्यावे की जनावरांसाठी राखावे, याचा निर्णय त्याला करावाच लागतो. बागेला दिलेल्या पाण्याचा खरा खर्च म्हणजे त्यामुळे हातची गेलेली कपाशी. यालाच संधी-खर्च म्हणतात. परंतु कपाशी पुढील हंगामी पुन्हा लावता येते; मोसंबीचे झाड वाळले, तर नवे झाड फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील अनेक बागा वाळल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन बाग जगविणारा शेतकरी त्या वेळी केवळ त्या वर्षीच्या फळांचा हिशेब करीत नव्हता.

अशा निवडीचा अभ्यास करणाऱ्यास प्रयोगशाळा नसते. पाऊस थांबवून भाव तपासता येत नाहीत. म्हणून ‘इतर परिस्थिती कायम असता’ असे गृहीत धरून तो तर्काने निष्कर्ष काढतो. ही निगमन पद्धती. प्रत्यक्ष पाहणीतून नियमाकडे जाणे ही विगमन पद्धती. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचे मोजमाप केले, ते राष्ट्रीय नमुना पाहणीतील उपभोग-खर्चाच्या आकड्यांवरून.

दुर्मीळतेच्या व्याख्येत एक प्रश्न मात्र मागे राहतो. ज्याच्याजवळ विहीरच नाही, त्याने निवड कशाची करावी? बाग वाळली की तेथील मजुराची मजुरीही जाते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, बाजारात धान्य असूनही ते मिळविण्याची ऐपत नसल्यास उपासमार होते. महाराष्ट्राला १९७२ च्या दुष्काळात याचा अनुभव आला होता. जालना तेव्हा तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. खडी फोडून मिळालेल्या मजुरीतून त्यांनी धान्य विकत घेतले. काम मागणाऱ्यास काम देण्याचे हेच तत्त्व रोजगार हमी कायद्यात आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला.