कचऱ्याची तक्रार आणि कचऱ्याची सवय

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबाद शहराच्या कचऱ्याच्या गाड्या फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी अडविल्या. वर्षानुवर्षे शहराची घाण सोसणाऱ्यांचा तो रास्त संताप होता. त्यानंतर कित्येक आठवडे शहरात ठिकठिकाणी ढीग साचले.

केंद्र शासनाचे ‘स्वच्छता’ हे मोबाईल ॲप त्यापूर्वीच, २०१६ मध्ये आले होते. नागरिकाने कचऱ्याचे छायाचित्र पाठविले की स्थळाच्या नोंदीसह तक्रार महानगरपालिकेकडे जाते व निवारण झाल्याचे तक्रारदारास कळविले जाते. ही उलट पोच हाच या योजनेचा प्राण होय. पोच मिळूनही ढीग जागेवरच राहिला, तर नागरिक पुन्हा छायाचित्र काढण्याच्या फंदात पडत नाही.

तथापि, ॲप पडलेला कचरा दाखविते. त्याचे वर्गीकरण घरातच व्हावे लागते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा देणे बंधनकारक केले. कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करण्याचा प्रकल्प उभारण्यात आला, त्यालाही निवडलेलाच कचरा लागतो. मात्र वेगळा करून दिलेला कचरा घंटागाडीत पुन्हा एकत्र होताना दिसला, की दुसऱ्या दिवशी घरात एकच बादली भरली जाते. म्हणून ॲपचा प्रचार करण्यापूर्वी गाडीतील कप्पे तपासणे अगत्याचे आहे.