जुनं मल्टिपर्पज रंधा मशीन घरी आणताय? सुधारणा आणि विज्ञान, दोन्ही एकदम



कोल्हापुरात लाकडाचं मशीन म्हटलं की आपल्याला फर्निचरचं दुकान आठवतं. पण इथल्या लाकूडकामाचं दुसरं घर म्हणजे फौंड्री. बिडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा नमुना लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागातल्या कारखान्यांसाठी हे पॅटर्न वर्षानुवर्षं लाकडात घडत आले. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. १ मीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न १०१० मिलिमीटरचा. पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीसुद्धा त्या हिशेबाने जरा मोठी आखलेली असते. शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

आता पुष्कळ पॅटर्न सीएनसीवर निघतात, तेही ॲल्युमिनियम किंवा रेझिनमध्ये. त्यामुळे जुन्या शॉपमधली मल्टिपर्पज मशीन विकायला निघतात. एकाच बिडाच्या सांगाड्यावर रंधा, जाडी काढायची सोय, गोल करवत आणि बाजूला भोक पाडायचं टेबल. घराच्या तळमजल्यावर किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छंद म्हणून काम करणाऱ्याला असं मशीन म्हणजे लॉटरीच. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका पालकांनी असंच एक आणलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "सर, मोटर मोठी टाकू की पुली बदलू?"

दोन्ही नको, निदान आधी तरी नको. हा लेख त्या उत्तरासाठीच आहे. मशीन जोरात पळवणं हे सुधारणेतलं शेवटचं काम. आधी ते नीट थांबलं पाहिजे, मग सरळ कापलं पाहिजे. घरात मुलं वावरत असतील तर या क्रमात तडजोड नाही.

थांबण्यापासून सुरुवात करू. जुन्या मशीनला बहुतेक वेळा साधा खटक्याचा स्विच असतो. आपल्याकडे लाईट जाते, हे काही नवीन नाही. करवत चालू असताना लाईट गेली, माणूस खटका बंद करायचं विसरून चहाला आत गेला, आणि मागून लहान मूल शेडमध्ये आलं. तेवढ्यात लाईट आली तर? मशीन आपोआप सुरू होणार. म्हणून पहिला खर्च स्टार्टरचा. शेतीपंपाला असतो तसा हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर. त्याच्या आतली कॉइल वीज असेपर्यंतच संपर्क धरून ठेवते. वीज गेली की चुंबकत्व जातं, संपर्क सुटतो, आणि कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन गप्प राहतं. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

इथे आपल्या भागातली एक खास गोष्ट लक्षात ठेवा. शेतावरच्या स्टार्टरला पुष्कळदा 'ऑटो' जोडलेला असतो, रात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. उसाला पाणी पाजायला ती सोय लई भारी, पण रंध्यावर तीच सोय घातक. शेतावरचा जुना स्टार्टर घरी आणून बसवणार असाल तर ऑटो काढून टाकलाय का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि लाल बटण असं ठेवा की दोन्ही हात लाकडावर असताना गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल.

दुसरा मुद्दा विजेचाच. कारखान्यातलं मशीन बहुधा थ्री फेज, म्हणजे ४१५ व्होल्टचं, आणि घरी आपल्याला सिंगल फेज २३० व्होल्ट. मोटरची नेमप्लेट वाचा. त्यावर २३०/४१५ असं असेल तर ड्राइव्ह बसवून ती मोटर घरी चालवता येते. फक्त ४१५ असेल तर सरळ सिंगल फेज मोटर घेणं बरं. ड्राइव्ह घेतलात तर 'लाईट आल्यावर आपोआप सुरू' ही सेटिंग बंद आहे ना ते पाहा, मुद्दा वरचाच. आता मुलांना हिशेब घाला. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, मग २ अश्वशक्तीची मोटर १४९२ वॅट. २३० ने भागलं की साडेसहा ॲम्पियर येतात. प्रत्यक्षात मात्र ती साधारण १० ॲम्पियर घेते, कारण घेतलेली सगळी वीज कामात उतरत नाही, आणि सुरू होतानाच्या क्षणी तर त्याच्या कित्येक पट. म्हणून मिक्सरच्या बोर्डवरून एक्स्टेन्शन ओढून हे मशीन चालवायचं नाही. स्वतंत्र वायरिंग, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं.

आता रंधा. मशीन विकत घ्यायच्या आधी झाकण काढून कटर ब्लॉक बघा. तो गोल हवा. फार जुन्या मशीनला चौकोनी ब्लॉक असतो. चौकोनी ब्लॉक फिरताना टेबल आणि ब्लॉक यांच्यामध्ये मोठी फट उघडते. बोट घसरलं तर गोल ब्लॉकवर जखम होते, चौकोनी ब्लॉक बोट आत ओढतो. किंमत कितीही कमी असो, चौकोनी ब्लॉकचा रंधा घरी आणू नका.

ब्लॉकमध्ये समजा तीन पाती आहेत आणि शाफ्ट मिनिटाला ४८०० फेरे घेतोय. म्हणजे मिनिटाला १४,४०० काप. लाकूड मिनिटाला ६ मीटर या गतीने पुढे सरकवलं तर ६००० भागिले १४,४००, म्हणजे प्रत्येक काप साधारण ०.४२ मिलिमीटर अंतरावर पडतो. पृष्ठभाग छान गुळगुळीत येतो. पण तिन्ही पात्यांची उंची सारखी नसेल तर? मग सगळ्यात वर आलेलं एकच पातं शेवटचा काप घेतं. अंतर होतं १.२५ मिलिमीटर, आणि लाकडावर लाटा दिसतात. अशा वेळी माणूस म्हणतो, स्पीड कमी पडतंय. मोटरवरची ५ इंची पुली काढून ६ इंची लावतो. फेरे ४८०० वरून ५७६० झाले. अंतर आलं १.०४ वर. एवढा खटाटोप करून लाटा तशाच! पुली तीच ठेवून नुसती पाती सारख्या उंचीवर आणली असती तर ०.४२ मिळाले असते, आणि त्याला लागतं काय, तर एक सरळ लाकडी पट्टी, पाना आणि तासभराचा पेशन्स. मागच्या टेबलाची उंचीही त्याच पट्टीने पात्याच्या सर्वांत वरच्या टोकाशी जुळवून घ्या. पाती बदलताना तिन्ही एकदम बदला, आणि बसवण्याआधी शाळेतल्या तराजूवर त्यांचं वजन मुलांकडून करून घ्या. वजनात फरक असला की ब्लॉक थरथरतो. बोल्ट मात्र मोठ्या माणसानेच आवळायचे, आणि दोनदा.

पुली बदलण्याचा खरा धोका दुसऱ्या टोकाला असतो. बऱ्याच मल्टिपर्पज मशीनमध्ये रंधा आणि गोल करवत एकाच शाफ्टवर असतात. १० इंची ब्लेड ४८०० फेऱ्यांना फिरलं तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला जवळजवळ ६४ मीटर, म्हणजे ताशी २३० किलोमीटर होतो. पुणे-बंगळूर हायवेवर कोणी या वेगाने गाडी हाणली तर आपण काय म्हणू? ६ इंची पुली लावली की हाच वेग ताशी २७६ वर जातो. वेग २० टक्क्यांनी वाढला, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत असते, म्हणून ती ४४ टक्क्यांनी वाढली. आणि गंमत बघा, मोटर तीच असल्यामुळे ब्लेडची पिळण्याची ताकद उलट पाच-षष्ठांशावर उतरली. म्हणजे करवत जास्त धोकादायक झाली आणि जाड लाकडात लवकर अडकायलाही लागली. ब्लेडवर कमाल फेरे छापलेले असतात. ते वाचल्याशिवाय पुलीला हात लावू नका.

करवतीच्या मागे, ब्लेडच्या रेषेत, एक उभी पातळ पोलादी पट्टी असायला हवी. चिरलेलं लाकूड मागे मिटून ब्लेडला आवळतं आणि मग तो तुकडा थेट आपल्या पोटाकडे उडतो. ही पट्टी चीर उघडी ठेवते. जुन्या मशीनवरून ती हमखास गायब झालेली असते. उद्यमनगरात कोणीही फॅब्रिकेटर करून देईल. जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा थोडी जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा थोडी कमी सांगा. वरचं झाकणही त्याच वेळी करून घ्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात धोकादायक फिरत्या भागांना आवरण सक्तीचं केलं होतं, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामावर घ्यायला बंदी घातली होती. घरच्या शेडमध्ये तपासायला इन्स्पेक्टर येत नाही, म्हणून तिथला इन्स्पेक्टर तुम्हीच.

बेअरिंगची सुधारणा स्वस्त, आणि मुलांना त्यातला सांकेतिक क्रमांक भलताच आवडतो. बेअरिंगवर ६२०५ लिहिलंय? शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणा. २५. एवढे मिलिमीटर त्याच्या आतल्या भोकाचा व्यास. ६२०४ असेल तर २०. दुकानातून जुनी चार-पाच बेअरिंग आणून व्हर्नियर कॅलिपरने पडताळायला लावा. लाकडाच्या मशीनसाठी रबर सीलची घ्या, भुसा आत जात नाही.

बेअरिंग बदलण्यापूर्वी एक प्रयोग मात्र नक्की करा. मोठ्या माणसाने मशीन रिकामं सुरू करून लाल बटण दाबायचं. मुलांनी दाराबाहेर उभं राहून, शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंतचे सेकंद मोबाइलवर मोजायचे. बेअरिंग बदलल्यावर पुन्हा मोजायचे. मशीन सुधारलं तर लवकर थांबेल असा अंदाज बहुतेक मुलं करतात. पण घर्षण कमी झाल्यामुळे ते जास्त वेळ फिरत राहतं! नववीच्या 'गतीचे नियम' मध्ये जडत्वाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे दोन आकडे वहीत उतरवून घ्या. बटण दाबल्यावर लगेच हात पुढे का करायचा नाही, हेही त्यातूनच कळतं.

मशीन उघडून समजून घ्यायची ही रीत कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले. परदेशी कॅमेऱ्यावर विसंबण्याऐवजी ते स्वतःच सिनेमाचा कॅमेरा बनवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी सहकाऱ्यांसह काम पुरं केलं आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. तोंडी वर्गात हे जरूर सांगा.

राहिला भुसा. लाकडाची बारीक धूळ हा सिद्ध कर्करोगकारक पदार्थ आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच प्रसिद्ध केलं. म्हणून मोठ्या मोटरसाठी बाजूला काढलेले पैसे धूळ ओढणाऱ्या पंख्यावर घाला आणि चांगला मास्क घ्या. शेडचं दार घराच्या आतल्या बाजूला उघडत असेल तर काम चालू असताना ते बंद ठेवा.

मुलांनी करायची कामं : मोजणं, वजन करणं, हिशेब, आकृती, नोंदी. टेबलाजवळ जाऊन मोजायचं असेल तेव्हा प्लग काढून तो मोजणाऱ्या मुलाच्या हातात द्यायचा. नववीच्या वर्गासाठी फळ्यावर हा प्रश्न लिहा : मोटरचे फेरे २८८०, मोटरची पुली ४ इंच, मशीनची पुली ३ इंच, ब्लेड १० इंच, दाताचा वेग ताशी किती किलोमीटर? उत्तर १८४ च्या आसपास आलं पाहिजे.