आड असलेले घर विकत घेताना

परभणी, सेलू, पाथरी, जिंतूर या भागांतील कित्येक जुन्या घरांच्या अंगणात आड असतो. पुढे त्याच अंगणात शौचालय व सेप्टिक टाकीही बांधली जाते. असे घर विक्रीस निघाले म्हणजे आडाचे पाणी गोड आहे काय व वैशाखात ते टिकते काय, एवढीच चौकशी घेणारा करतो. परंतु जिभेला गोड लागणारे पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही.

सेप्टिक टाकीत मैल्याचा गाळ तळाशी बसून कुजतो. वरचे पाणी मात्र निर्धोक होत नाही. ते शोषखड्ड्यातून जमिनीत जाते. जिल्ह्यातील बहुतेक जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. वाळूतून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे पाषाणाच्या सांध्यांतून व फटींतून वाहताना गाळले जात नाही. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर दूर असावा. गावठाणातील अंगणे बहुधा एवढी मोठी नसतात. शिवाय कुंपणाची भिंत जमिनीखालचे पाणी अडवीत नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या खड्ड्यांचे अंतरही मोजून पाहावे.

खरेदीखत नोंदविताना आडाच्या पाण्याचा दाखला जोडावा लागत नाही. तथापि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, स्वतःस ठाऊक असलेला व घेणाऱ्यास साधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. तरी मागाहून कज्जा करण्यापेक्षा इसार देण्यापूर्वी पाणी तपासून घेणे केव्हाही स्वस्त पडते.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी, तिच्या तोंडास आतून हात लावू नये व नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवावा. रासायनिक तपासणीचा नमुना वेगळ्या स्वच्छ बाटलीत द्यावा. आडात नुकतीच टीसीएल पावडर टाकली असेल तर थांबावे. विकणाऱ्याने ती सद्हेतूने टाकली तरी अहवाल फसवाच येतो.

आयएस 10500 (2012) या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नये. आढळल्यास माणसाचा वा जनावराचा मैला पाण्यापर्यंत पोचला असे समजावे. नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. केवळ नायट्रेट वाढले असेल तर दोष टाकीचाच असे नाही; उकिरडा व शेतातील युरियाही त्यास कारण होतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाचे अंग निळे पडून जिवास धोका होऊ शकतो.

उन्हाळ्यातील अहवाल निर्दोष आला तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर तपासणी पुन्हा करावी, कारण साचलेली घाण तेव्हाच खाली उतरते. व्यवहार त्याआधी ठरत असेल, तर दुसरा अहवाल येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट साठेखतात लिहून घेता येते.