कोळसा म्हणजे जुने रान

वणीकडचा दगडी कोळसा पुष्कळांनी पाहिला असेल. नाव दगडी, पण तो मुळात दगड नव्हे. ते पुरलेले रान आहे.

सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात दलदल होती. तिच्यात झाडे वाढत आणि मोडून पडत. वर गाळ साचे. हवा लागेना, म्हणून लाकूड पुरते कुजेना. गाळाच्या भाराने आणि जमिनीतल्या उष्णतेने त्याचा कोळसा झाला.

ती झाडे कोणती? बरीचशी ग्लॉसॉप्टेरिस नावाची. त्यांचे पान जिभेसारखे लांबट. दुसरी एक जात पेरांची होती. ज्वारीच्या धांड्यासारखी पेरे, पेरापेरावर पानांचा घेर, कांडावर उभ्या रेघा. आपल्याकडे ती लहान होती. युरोप-अमेरिकेतल्या त्याहून जुन्या दलदलीत तिचे भाऊबंद पन्नास-साठ फूट वाढत. त्यांना कॅलामाइट म्हणतात. ती मोठी झाडे आता जगात कोठेच नाहीत.

मग हे कळले कसे? कोळशाच्या थरांजवळ पाटीसारखा काळपट दगड निघतो. तो फुटला की आत कधी पान, कधी पेराचे कांड उमटलेले दिसते. आम्ही शाळेत होतो तेव्हा एका खाणमजुराने असा तुकडा आणून दिला. म्हणाला, "गुरुजी, यावर काही लिहिलं आहे का जी?" त्याला तेव्हा अक्षर येत नव्हते, पण त्याने बरोबर ओळखले होते.

असा दगड दिसला तर फेकू नका. जवळच्या शाळेत नेऊन द्या. चाकाखाली चुरा झाला, की ते पान पुन्हा वाचता येणार नाही.